आमच्या गावाच्या नावाचा गट

दिवाळी झाली की आमची वस्ती रिकामी व्हायची. मुकादमाचा ट्रॅक्टर ओढ्याच्या अलीकडं येऊन उभा राहायचा आणि ट्रॉलीत ज्वारीची पोती, भांडी, गोधड्या, शेळ्या आणि सगळ्यात वर माणसं चढायची. पाच-सहा महिने ऊस तोडायचा आणि उन्हाळ्यात परत यायचं. कुलूप लावावं असं घरात काही नसायचं. दाराला बोरीची काटेरी फांदी लावायची, वर एक दगड ठेवायचा. कुत्रं आत जाऊ नये एवढाच त्याचा उपयोग.

आमची जमीन दीड एकर, तीही मुरमाड. आईबाप उसाला गेले की मागं मी आणि आजा. मला शाळेसाठी ठेवलेलं. धाकटा भाऊ लहान, म्हणून तो आईबरोबर जायचा. आजाला कमी दिसायचं. भाकर मीच करायचे. मधे कच्ची, कडेला जळकी. आजा ती पाण्यात बुडवून खायचा आणि म्हणायचा, "झ्याक झाली." कोरड्यास बहुतेक वेळा मिरचीचा ठेचा, नाहीतर नुसतं मीठ. डोक्याला तेल दिवाळीला लागायचं, त्यानंतर एकदम उन्हाळ्यात, आई आली की. आई यायची तेव्हा उसाच्या पात्यांनी तिचे हात आणि गळा चिरलेला असायचा, गालफडं बसलेली. तिच्या जवळ जायला मला एक दिवस लागायचा. हे लिहायला लाज वाटत नाही. होतं ते तसं होतं.

आमच्या वस्तीची एक रीत होती आणि ती अजून आहे. उसाला जाणारी माणसं मोजायची नाहीत. किती गेले हे तोंडानं काढायचं नाही, लिहायचं तर त्याहून नाही. परत आली की मोजायची. ही रीत फार जुनी नाही, माझ्या आजाच्या डोळ्यांसमोर पडलेली आहे. एका वर्षी ट्रॉली भरताना मुकादमानं काठीनं एकेकाला शिवून मोठ्यानं आकडा म्हटला. उन्हाळ्यात ट्रॉली परत आली ती एक माणूस कमी घेऊन. तो आजाचा थोरला मुलगा, माझा चुलता. उसानं भरलेल्या गाडीखाली गेला. त्या दिवसापासून वस्तीवर कोणी जाणाऱ्याला मोजत नाही. मुकादमसुद्धा गावाबाहेर गेल्यावर मोजतो.

मी तिसरीत होते त्या हिवाळ्यात खानेसुमारी आली. आजा जनगणनेला खानेसुमारीच म्हणायचा. दुसऱ्या गावच्या शाळेतले एक गुरुजी कागदांची पिशवी घेऊन दुपारी वस्तीवर आले. दारादाराला खडूनं नंबर टाकत आले आणि आमच्या ओट्यावर बसले. मी पाणी दिलं.

"बाबा, घरात माणसं किती?"

"म्या आन् ही पोरगी," आजा म्हणाला.

"बाकीचे?"

"न्हाईत."

"नाहीत म्हणजे? कामाला गेलेत का?"

आजा नख जमिनीवर घासत बसला. गुरुजींनी समोरच्या काट्या लावलेल्या दारांकडं हात केला. "आणि हे? इथं कोण राहतं?"

"कोणी न्हाई."

मग गुरुजी माझ्याकडं वळले. शिकलेला माणूस पोरीशी जसं बोलतो तसं गोड बोलले, "बाळ, तुझे आईवडील कुठंत?"

मला सगळं ठाऊक होतं. कोणत्या कारखान्याला गेलेत, तेही ठाऊक होतं. शाळेत मी पाढे सगळ्यात पुढं होते आणि आमच्या वस्तीची माणसं मला बोटांवर मोजता येत होती. पण आजाचा हात माझ्या पाठीवर होता.

"न्हाईत," मी म्हणाले.

गुरुजींनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्यांना वाटलं, पोरगी पोरकी आहे. त्यांनी आमच्या घरात दोन माणसं लिहिली, दारांवर खडूनं बंद लिहिलं आणि पुढच्या वस्तीवर गेले. पुढंही आमच्यासारखीच वस्ती होती. तिथंही काट्याच होत्या.

या गोष्टीचा आणि आमच्या गावाच्या गटाचा संबंध काय, हे मला कळायला फार वर्षं लागली.

आमचं गाव लहान. तीर्थपुरीला जाणारी एसटी फाट्यावरून जाते, गावात येत नाही. तरी जिल्हा परिषदेचा एक अख्खा मतदारसंघ आमच्या गावाच्या नावानं होता. त्याला आम्ही गट म्हणायचो. आजूबाजूची कितीतरी गावं आमच्या गावाच्या नावाखाली मत टाकायची, त्यातली अर्धी आमच्यापेक्षा मोठी. त्यांना ते खुपायचं. जांब समर्थच्या जत्रेत कोणी विचारलं, कुठले तुम्ही, तर आमचा माणूस छाती काढून गटाचं नाव सांगायचा. घरात दाणा नसला तरी सांगायचा.

नाव आमच्या गावाचं का पडलं, हे मी पुढं कॉलेजात असताना गावातल्या म्हाताऱ्यांना विचारत फिरले. पहिल्या निवडणुकीच्या वेळी ह्या भागात पक्की इमारत एकच होती: आमची शाळा. निजामाच्या काळातल्या दगडी दोन खोल्या, सागवानी दारं. मतपेट्या ठेवायला तीच जागा बराबर. म्हणून कागदावर आमचं नाव आलं. कोणी मोठा पराक्रम केला असं काही नाही.

गटातून निवडून आलेला पहिला मेंबर घोड्यावरून यायचा. लिंबाखाली बसून सगळ्यांचं ऐकायचा आणि निघून जायचा. काम एकही केलं नाही. तरी म्हातारे अजून त्याचं नाव काढतात. मी म्हणाले, "काका, केलं काय त्यानं?" तर म्हणाले, "आल्ता की!" त्याच्यानंतर बरीच वर्षं एकाच घरात मेंबरकी राहिली. त्यांनी फाट्यापर्यंत रस्ता केला, स्वतःच्या शेतापर्यंत डांबर टाकलं, आमच्याकडं खडी टाकून ठेवली. ती खडी लोकांनी जोत्यांना वापरली. आमच्या ओट्यातही आहे.

शेवटची मेंबर बाई होती. जागा बाईची झाली म्हणून उभी केलेली. सुरुवातीला तिचा नवराच खुर्चीवर बसायचा आणि ती मागं उभी. पण तिनं लग्नाआधी स्वतः उसाच्या मोळ्या वाहिल्या होत्या. एकदा शाळेत आली आणि तिनं वर्गातली रिकामी बस्करं पाहिली. हिवाळ्यात अर्धा वर्ग उसात असायचा. नवरा म्हणाला, "चला, उशीर होऊन राह्यला." ती म्हणाली, "तुम्ही व्हा म्होरं." आणि तिथंच पोरांमधे खाली बसली.

त्या बाईनं आमच्या शाळेत हंगामी वसतिगृह आणलं. आईबाप उसाला गेले की लेकरांनी शाळेतच राहायचं. दोन वेळचं जेवण, रांधायला गावातली एक बाई, झोपायला सतरंज्या. पाचवी, सहावी आणि सातवी मी तिथं काढली. तोवर आजा गेला होता. वसतिगृह नसतं तर मी ट्रॉलीत असते, ह्यात काही शंका नाही. तिथं वरण-भात मिळायचा. सकाळचा अभ्यास व्हायचा. भाऊही पहिली-दुसरीला माझ्याबरोबर राहिला. त्याचं अक्षर माझ्याहून चांगलं होतं.

मग पुढच्या निवडणुकीआधी नवी गटरचना आली. नवी माणसं मोजून नवे मतदारसंघ. त्या यादीत आमच्या गावाच्या नावाचा गट नव्हता. किराणा दुकानापुढं ग्रामसेवकानं सांगितलं, "आपला गट माणसांत कमी पडला. थोडक्यात गेला."

गावं वाटून टाकली. आम्ही रस्त्यावरच्या एका मोठ्या गावाच्या गटात गेलो, त्यातही सगळ्यात टोकाला. नव्या मेंबराच्या दारात आमची माणसं गेली की तो यादी काढून बघायचा, हे गाव आपल्यात आहे का म्हणून. आमचे हेडमास्तर वसतिगृहाचा कागद घेऊन तीनदा गेले. तिसऱ्यांदा त्यांना ऐकवलं, "गुरुजी, तुमचं गाव लिस्टात शेवटी हाय. आधी वरचं वाटप होऊ द्या." त्या हिवाळ्यात एक जीप आली आणि वसतिगृहाची पातेली मोठ्या गावच्या शाळेत घेऊन गेली.

मला मामानं तीर्थपुरीला नेलं. एकाच लेकराला ठेवून घेण्याइतकी मामाची ऐपत होती. भाऊ तिसरीत होता. तो ट्रॉलीत चढला.

दहाव्या वर्षी मोळी बांधायला लागला, बाराव्या वर्षी कोयता. तेराव्या वर्षी कोयत्यानं त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. फडात चिंधी बांधली आणि दवाखान्यात दुसऱ्या दिवशी नेलं. शाळेत तो परत गेला नाही. मी बी.ए. झाले तेव्हा तो सगळ्या वस्तीत पेढे वाटत फिरला. आमच्या घरात माझ्याआधी दहावीसुद्धा कोणी झालेलं नव्हतं. तो लोकांना सांगायचा, "अक्का पंधरावी शिकली आन् म्या आठवी." आणि आठ बोटं वर करायचा. लोक हसायचे. मलाही हसावं लागायचं.

गट का मोडला, हे मला कॉलेजात कळलं. राज्यशास्त्राच्या तासाला बाई मतदारसंघ कसे आखतात ते शिकवत होत्या. फळ्यावर त्यांनी लिहिलं: लोकसंख्या. मी वहीवर तो शब्द उतरवला आणि पुढचं काही लिहू शकले नाही. काटेरी फांद्या लावलेली दारं, गुरुजींची पिशवी, पाठीवरचा हात, सगळं एकदम समोर आलं. एका घरानं गट मोडत नाही, हे मला समजतं. मी खुळी नाही. पण त्या भागात आमच्यासारख्या कितीतरी वस्त्या होत्या आणि खानेसुमारी ऐन हंगामात आली होती. सगळ्यांच्या दारावर बंद लिहिलेलं होतं. आणि आमच्या दारात "न्हाईत" हा शब्द माझ्या तोंडून गेला होता. दहा वर्षांनी पुन्हा खानेसुमारी झाली, तीही हिवाळ्यातच. तेव्हा मी कॉलेजच्या होस्टेलला होते. वस्तीवर काय सांगितलं गेलं असेल, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

मी आता जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत ऑफिसात काम करते. मागं पुन्हा गटरचनेचा मसुदा लागला आणि त्यावर हरकती मागवल्या. त्या वेळी घरात एकच विषय होता: भावाची मुलगी. ती नुकतीच दुसरीत गेली होती. आई गुडघ्यांनी बसली, ती आणि आमचे वडील, आबा, जालन्याला माझ्याकडं दवाखान्यासाठी येऊन-जाऊन. त्यामुळं पोरीला मागं सांभाळायला कोणी नव्हतं. मी म्हणाले, माझ्याकडं ठेवते. भावजय म्हणाली, "अक्का, तुम्ही एकीला न्याल. तिच्या मागं धाकटा हाय, त्याचं काय? आन् शेजारच्या पोरींचं?" तिचं म्हणणं खरं होतं. मामानं मला नेलं तेव्हा हेच झालं होतं.

मी हरकत लिहिली. आमचा गट परत द्या. इतिहास लिहिला, अंतरं लिहिली, जुनी शाळा लिहिली. चार पानं झाली. आधी त्या जुन्या मेंबरबाईंना भेटायला गेले. शेतात कापूस वेचत होत्या. म्हणाल्या, "लिही, लिही. माझं त्या मीटिंगांमधी कोण ऐकत होतं? पण गटाचं नाव घेतलं की लिहून घ्यावं लागायचं त्यांना."

सुनावणीला जिल्ह्याच्या ऑफिसात मोठी गर्दी. सगळे पुढारी, पांढरे कपडे, प्रत्येकाच्या मागं दहा माणसं. बाई मी एकटीच. बाकावर शेजारी बसलेल्या एकानं माझे कागद वाकून पाहिले.

"कोण्या पार्टीकडून, ताई?"

"कोण्याच न्हाई."

"मंग गट घेऊन काय लोणचं घालता?"

आजूबाजूचे खदखदले. मी म्हणाले, "तुम्ही घातलं तेवढं पुरे झालं." तो बाकावर सरकून बसला. त्याच्या बरोबरचा मात्र अजून हसत होता.

आत साहेब सरळ माणूस निघाला. चारही पानं वाचली. म्हणाला, "मॅडम, चांगलं लिहिलंय. पण मी इतिहासावर गट देऊ शकत नाही. माणसं भरत नाहीत तुमच्याकडं."

"सर, माणसं हायेत. मोजली न्हाईत."

"जुन्या जनगणनेचेच आकडे धरायचेत. ते मला बदलता येत नाहीत." मग त्यानं चष्मा काढला. "तुम्हाला नेमकं पाहिजे काय? गट पाहिजे की काही काम अडलंय?"

मी वसतिगृहाचं सांगितलं. तो म्हणाला, "त्याला गट कशाला लागतो? शाळेनं यादी करून शिक्षण खात्याकडं पाठवायची. किती लेकरं मागं राहतील, कोणाची, आईबाप किती जण जातात. हंगामाच्या आधी. यादी नाही तर काही नाही." माझ्या हरकतीवर त्यानं नामंजूर लिहिलं आणि पुढच्याला हाक मारली.

बाहेर येऊन मी जिन्यात बसले. मेंबर नाही म्हणून वसतिगृह गेलं, असं आम्ही इतकी वर्षं म्हणत होतो. मेंबरानं कागद अडवला, हे खरं. पण त्यानंतर कोणी यादीच केली नव्हती. कोण करणार? यादी म्हणजे मोजणं.

पुढच्या रविवारी मी वही घेऊन वस्तीवर गेले. आताचे हेडमास्तर बरोबर यायला तयार होते, पण मीच नको म्हणाले. पहिलं घर आमचं. आबा बाजेवर बसले होते. वही पाहिली आणि तोंड फिरवलं.

"ठिव ती आत."

"आबा, लेकरांसाठी हाय."

"माझा भाऊ गेला तेव्हा तू जल्मली नव्हतीस. त्याचा आकडा म्या ह्या कानांनी ऐकला. शेवटचा त्याचाच होता. शिकली म्हणून आता आम्हाला मोजती का?"

मी बी.ए. आहे, माणसं मोजल्यानं माणूस मरत नाही, हे मला कळतं. पण आबांनी तो आकडा ऐकला होता आणि मी ऐकला नव्हता. तिथं भांडून काही झालं नसतं. ओट्यावर शेजारच्या बाया जमल्या होत्या. भाऊ भिंतीला टेकून उभा होता.

मग मी म्हणाले, "आबा, जाणाऱ्यांना न्हाई मोजत. राहणाऱ्यांना मोजते. जे लेकरू इथं राहील त्याचंच नाव लिहिते. राहणाऱ्याला मोजायचं न्हाई असं आजानं कवा सांगितलं?"

आबांनी तोंड परत माझ्याकडं वळवलं. आजानं स्वतःला आणि मला तर मोजलं होतंच, गुरुजींपुढं. हे त्यांनाही आठवलं असावं, कारण मी ते त्यांना पुढं केव्हातरी रडून सांगितलं होतं.

भाऊच बोलला. "अक्का, लिही. माझी पोरगी लिही पहिली." आणि त्यानं पोरीला हाताला धरून माझ्या पुढं उभी केली. ती म्हणाली, "आत्या, माझं नाव मीच लिहिते." तिनं लिहिलं. मागच्या बाईनं तिची दोन्ही पोरं पुढं ढकलली आणि म्हणाली, "ह्याचं आडनाव बराबर लिवा, मागच्या दाखल्यावर चुकलंय." तेवढ्यात तिसरी ओरडली, "माझा न्हाई ठेवत, त्याला माझ्याबिगर झोप येत न्हाई." संध्याकाळपर्यंत ती पण आली.

छापील तक्त्यात एक रकाना होता: स्थलांतर करणाऱ्या व्यक्तींची संख्या. तो मी शाळेत बसून भरला. प्रत्येक घराचा आकडा मला तोंडपाठ होता, लहानपणापासूनची सवय. हात थांबला, पण लिहिला. वस्तीला हे सांगितलेलं नाही. आबांनाही नाही. दिवाळीनंतर ट्रॉली भरताना मी ओढ्यापाशी उभी राहून वरच्या एकेका माणसाकडं बघत होते. भाऊ वरून म्हणाला, "अशी काय बघून राह्यली? नीट जा मोटरसायकलवर." मग ट्रॅक्टर गेला. हंगाम अजून चालू आहे. रोज दुपारी मी भावाला फोन लावते, आणि त्यानं उचलेपर्यंत दुसरं काम करत नाही.

अंतिम गटरचनेत आमच्या गावाच्या नावाचा गट नाही. तो होणारही नाही. पुढची खानेसुमारी कोणत्या महिन्यात होते, तेवढं मी बघणार आहे.

वसतिगृह मंजूर झालं. आमच्या शाळेत ते दिवाळीनंतरच्या आठवड्यात सुरू झालं. यादीतली सगळी लेकरं तिथं राहतात आणि त्यांना दोन वेळा जेवायला मिळतं. माझी भाची आता दुसरीत आहे.